घासण्यांचं जंगल

किनुएकाकू आमच्या क्लबात पहिल्यांदा आल्या त्या भांडायला.

काइनानच्या जुन्या बाजारगल्लीत मासळीच्या वड्यांचं एक दुकान होतं. ते बंद पडलं आणि त्याची माडी आम्हाला फुकटात म्हणावी इतक्या भाड्यानं मिळाली. आम्ही म्हणजे छोट्या रेल्वेगाड्यांच्या नादी लागलेले पाच बाप्ये. माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे, म्हणून रुळांतला करंट बघायचं काम माझ्याकडे. क्लबाचे प्रमुख कुसुमोतो-सान. त्यांनी आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलं. माणूस इतका भिडस्त, की "हे औषध आमच्याकडे नाही" एवढंही गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायला त्यांच्या जिवावर यायचं.

त्या वर्षी आम्ही मोठाच घाट घातला होता. आमच्या खोऱ्यातून पूर्वी एक लहानशी विजेची गाडी धावायची, समुद्राकडून डोंगराकडे. ती बंद होऊन जमाना झाला. ती धावत होती तेव्हाचं खोरं जसंच्या तसं उभं करायचं आणि पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात गावापुढे मांडायचं, असं ठरलं. स्टेशनं झाली, पूल झाला, बोगदा झाला. थर्माकोल कापून त्यावर प्लास्टर थापलं आणि डोंगरही झाला. रंगाचा आणि गोंदाचा वास कोंडायचा म्हणून आम्ही खिडकी सताड उघडी टाकायचो. तो वास जायचा थेट शेजारच्या माडीवर, किनुएकाकूंनी वाळायला टांगलेल्या मुळ्यांवर.

एका दुपारी जिन्यावर धपधप पावलं वाजली आणि काकू दारात उभ्या राहिल्या. बुटक्या, गळ्यात टॉवेल, हातात एक लांबलचक मुळा.

"इथला मुकादम कोण?"

कुसुमोतो-सान लगबगीनं उठून कमरेत वाकले. ते सरळ होईपर्यंत मुळा त्यांच्या नाकाशी आला होता.

"वास घ्या. घ्या, घ्या, लाजू नका. कसला येतोय?"

"अं... मुळ्याचा?"

"रंगाचा! वर्षभराचं लोणचं घालते मी या मुळ्यांचं. ओसाकाला लेकीकडे डबा गेला की ती म्हणेल, आईनं यंदा भिंत खारवून पाठवली."

आम्ही पाचही जण वाकून वाकून माफी मागायला लागलो. पण काकूंचं लक्ष उडालं होतं. त्या देखाव्याकडे बघत होत्या. चपला काढून आत आल्या आणि पुलावर बोट ठेवून म्हणाल्या, "अगंबाई! हा तर आपला पूल. आणि हे स्टेशन. इथल्या पायरीवर मी एकदा तोंडावर आपटले होते." मग नजर वर गेली. "आणि हा डोंगर असा टकला का?"

"झाडं महाग पडतात, काकू," मी म्हणालो. "तयार मिळतात, पण पाच-सहा झाडांच्या पुडीत माझं एका वेळचं पोटभर जेवण होतं. आणि इथं तर हजारभर देवदार लागतील."

नमुन्याला आणलेलं एक झाड टेबलावर पडलं होतं. काकूंनी ते उचललं, उलटंसुलटं केलं, तारेचं टोक नखानं कुरतडून पाहिलं आणि मोठ्यानं हसल्या.

"अरे, ही तर घासणी आहे! उभी घासणी! याला पैसे मोजता तुम्ही?"

त्यांना हसू आलं ते बरोबरच होतं. आमचं खोरं घासण्यांचं. डोंगरउतारावर ताडासारखी झाडं वाढतात, त्यांच्या सालीचा काथ्या निघतो. तार दुमडायची, दोन तारांमध्ये काथ्या पसरायचा, हातानं चक्र फिरवून तारेला पीळ द्यायचा. की काथ्या चारी बाजूंनी फुलतो आणि लांबट ब्रश तयार होतो. तो कातरून, वाकवून, दोन्ही टोकं बांधली की भांडी घासायची गोल घासणी. किनुएकाकू पंधराव्या वर्षी या कामाला बसल्या. लग्न झालं, मुलगी झाली, संत्र्यांचा ट्रक चालवणारा नवरा गेला. हात मात्र पीळ देतच राहिले. सत्तरी उलटून गेली तरी घरी बसून थोडंफार काम करत होत्याच.

"मी देते करून तुम्हाला झाडं," त्या म्हणाल्या. "कारखान्यात काथ्याची कातरण पोत्यांनी पडलेली असते. फक्त ती खिडकी लावा. निदान माझे मुळे निघेपर्यंत."

आठवड्याभरात पहिला खोका आला. झाकण उघडलं आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. झाडं सुबक होती. नको तितकी सुबक. सगळी एका उंचीची, एका घेराची, कातरून टोकदार केलेली, लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन तो वरून गोंदानं चिकटवलेला. एकही काडी इकडची तिकडे नाही.

"वा! फारच छान," कुसुमोतो-सान म्हणाले. आणि काकू गेल्यावर त्यांनी ती सगळी झाडं अलगद बोगद्याच्या मागच्या अंगाला लावली. तिकडे भिंत होती. तिकडे कुणीच बघत नाही.

पुढच्या आठवड्यात काकू दुसरा खोका घेऊन आल्या. समोरचा डोंगर तसाच टकला.

"माझी झाडं कुठायत?"

"आहेत ना, आहेत," कुसुमोतो-सान म्हणाले. "अगदी मोक्याच्या जागी आहेत."

काकूंनी भिंतीला गाल टेकवून मागं डोकावून पाहिलं. 

"मोक्याची जागा म्हणजे संडासाची मागची बाजू होय?" त्या वळून म्हणाल्या. "अहो, मी काय तुमची सासू आहे का, तोंडावर गोड बोलायला? काय चुकलंय ते सांगा की."

कुसुमोतो-सान चष्मा पुसायला लागले. शेवटी मीच म्हणालो, "काकू, राग मानू नका. पण ती झाडं वाटत नाहीत. हिरव्या घासण्या वाटतात."

त्यांनी खोक्याचं झाकण लावलं, खोका काखेत मारला आणि धपधप जिना उतरल्या. "गेली आपली झाडं," कुणीतरी म्हणालं. "झाडांचं सोडा," कुसुमोतो-सान म्हणाले, "माझ्या बायकोला त्या दर वर्षी लोणचं देतात. आता घरी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर करतोय, तर समोर काकू. पाठीवर पिशवी, डोक्याला टोपी.

"गाडी काढ, नाकाई."

"कुठं जायचंय?"

"झाडं बघायला. तूच म्हणालास ना, झाडं वाटत नाहीत? मग दाखव कशी असतात ती."

मला तसंही खोऱ्याच्या वरच्या टोकाला एक वॉशिंग मशीन दुरुस्त करायला जायचं होतं. काकूंना शेजारी बसवलं. वाटेत त्यांचं तोंड एकदाही बंद झालं नाही. कुणाचं घर कुठलं, कुणाची सून कशी, जुन्या गाडीत गर्दीच्या वेळी काथ्याचं गाठोडं घेऊन चढलं की लोक कसे शिंकायचे. नदी अरुंद झाली, दोन्ही बाजूंनी देवदारांचे उतार अंगावर आले, आणि त्या गप्प झाल्या.

मशीन होईस्तोवर त्यांना रस्त्याकडेच्या कठड्यावर बसवलं. परत आलो तर त्या तिथंच होत्या. पिशवीतले भाताचे गोळे तसेच, मोहरीच्या पानात गुंडाळलेले.

"जेवला नाहीत?"

"बस इथं. ते बघ. कडेच्या झाडांना फांद्या आहेत ना, त्या फक्त रस्त्याच्या बाजूला आहेत. आतल्या बाजूला नुसती काठी. आणि आतली झाडं बघ, पार शेंड्यापर्यंत उघडी, वर तेवढा झुपका. ते एक वाकडं, त्याच्या अंगावर दुसरं रेललंय. एकसारखी दोन नाहीत रे."

"उजेड मिळेल तिकडं वाढतात, काकू."

"ते कळलं मला." त्यांनी भाताचा एक गोळा माझ्या हातात ठेवला. "इथंच जन्मले मी. खाली मान घालून तार पिळत बसले, मान वर केली ती घड्याळ बघायला. डोंगर म्हणजे मागं काहीतरी हिरवं असतं, एवढंच ठाऊक."

हे त्या काही रडवेल्या होऊन म्हणाल्या नाहीत. चिडून म्हणाल्या, गाडी चुकलेल्या माणसासारख्या.

त्याच दुपारी त्यांचा दुकानात फोन आला. "नाकाई, पळत ये." मला वाटलं फ्यूज उडाला. पक्कड घेऊन धावलो. काकू मोरीपाशी उभ्या होत्या आणि हातात त्यांची स्वतःची, रोजच्या वापरातली घासणी होती. वर्ष-दीड वर्ष भांडी घासून एका बाजूनं पार झिजलेली, दुसऱ्या बाजूनं विस्कटलेली, मध्येच टक्कल पडलेली.

"सरळ कर ती. टोकं सोड."

मी बांधलेली टोकं सोडून ती सरळ केली आणि उभी धरली. डोंगरात सकाळी पाहिलेलं झाड माझ्या हातात होतं. एका बाजूला फांद्या, एका बाजूला काठी, वर झुपका.

"आता बोल," काकू म्हणाल्या, "झाड आहे की घासणी?"

त्यानंतर गावात जे सुरू झालं त्याला तोड नाही. काकूंनी सायकलला टोपली बांधली आणि दारोदार फिरायला लागल्या. "जुनी घासणी द्या, नवी घ्या!" नव्या त्या कारखान्याच्या कातरणीतून घरीच वळायच्या. बायकांना आधी वाटलं काकूंचं डोकं फिरलं. पण फुकटची नवी घासणी कोण सोडतो? पुढं पुढं तर दारात पिशव्या टांगून ठेवायला लागले लोक. देवळातनं आल्या, शाळेच्या स्वयंपाकघरातनं आल्या, मासळीवाल्या शिंताकूंनी तर दुकानाची फरशी घासायच्या दांडगट घासण्यांचं पोतंच आणून टाकलं. म्हणाले, "माझ्या झाडांना चांगली जागा द्या हं, नदीकाठची."

सोडा घातलेल्या पाण्यात सगळ्या उकळायच्या, गच्चीवर वाळवायच्या, सरळ करायच्या. एका घासणीची तीन-चार झाडं व्हायची. पण तार कापली की पीळ सुटायचा आणि काथ्या गळून पडायचा. त्यावर काकूंची युक्ती साधी होती: जिथं कापायचं तिथं आधी गोंदाचा थेंब, तो वाळला की मग पक्कड. खालचा काथ्या उपटून खोड मोकळं करायचं, पातळ गोंदात बुडवायचं, चहाच्या गाळणीतनं रंगीत भुसा भुरभुरायचा. हिरवा एकच नको, तीन-चार हिरवे हवेत, आणि मधूनच एखादं वाळलेलं तांबूस झाड. आम्ही पाचही जण संध्याकाळी त्यांच्या हाताखाली बसायला लागलो. खिडकी आता उघडी चालत होती, कारण मुळे केव्हाच मिठात गेले होते.

सगळं गाव पालथं घालून झालं. फक्त एका घरी काकू गेल्या नाहीत. देवळामागच्या हिसानोकाकूंच्या.

कारण मला आईकडून ऐकून माहीत होतं. दोघी तरुणपणी कारखान्यात शेजारी शेजारी बसायच्या, डबाही एकत्र खायच्या. एकदा टीव्हीवाले घासण्यांचं काम टिपायला आले. त्यांना एकच बाई हवी होती. किनुएकाकूंचा हात सगळ्यांत चपळ, पण त्या डावखुऱ्या. पीळ उलटा पडायचा. कॅमेरावाला म्हणाला, हे पडद्यावर विचित्र दिसेल. तेव्हा हिसानोकाकू पटकन बोलून गेल्या, "हो ना, ती सगळ्यातच उलटी आहे!" सगळा कारखाना हसला, आणि टीव्हीवर हिसानोकाकू दिसल्या. त्या दिवसापासून दोघींमध्ये "नमस्कार, आज गारठा आहे" यापलीकडे शब्द नाही. केसांची चांदी झाली तरी नाही.

"हिसानोकाकूंकडे मी जाऊ का?" मी एकदा विचारलं.

"तिची घासणी काय सोन्याची आहे? नको."

पण डोंगराचा एक कोपरा अजून उघडा होता आणि गावातल्या घासण्या संपल्या होत्या. एका रविवारी काकूंनी टोपली घेतली, मला म्हणाल्या, "चल सोबत. मी बोलणार नाही, तू बोल."

हिसानोकाकूंनी दार उघडलं. उंच, ताठ, केस नीट विंचरलेले. मी यायचं कारण सांगितलं.

"ऐकलंय," त्या म्हणाल्या. "सगळ्या गावाच्या दारात जाऊन आलीस म्हणे. माझं दार तेवढं सापडलं नाही वाटतं."

"पत्ता विसरले," किनुएकाकू म्हणाल्या. न बोलण्याचा बेत तिथंच संपला.

हिसानोकाकू आत गेल्या आणि एक घासणी घेऊन आल्या. इतकी झिजलेली की बोटभर उरली होती. किनुएकाकूंनी ती हातात घेतली. अंगठ्यानं तार चाचपली. पुन्हा चाचपली.

"ही माझी आहे."

"तुझी कशी? दुकानातनं विकत घेतलीय मी."

"पीळ उलटा आहे."

"असेल. मी काय पीळ बघून घेते होय? हाताला लागली ती घेतली."

"अगं, दुकानात ढिगानं असतात. माझ्या त्यात मूठभर. बरी हाताला लागली!"

"हे बघ, किनुए," हिसानोकाकू वरच्या पट्टीत म्हणाल्या, "तुझी घासणी टिकते. म्हणून घेते. टिकणारी वस्तू घेतली तर काय गुन्हा झाला? उगाच डोक्यावर बसू नकोस."

किनुएकाकूंनी टोपलीतनं नवी घासणी काढून दिली. हिसानोकाकूंनी ती घेतली आणि सवयीनं आधी तिचा पीळ पाहिला. मग आपण पाहिलं हे त्यांच्या लक्षात आलं. मी आभाळाकडे बघत उभा राहिलो.

"ते टीव्हीचं," हिसानोकाकू म्हणाल्या, "मी तेव्हा उगीच बोलले."

"उगीच नाही, मुद्दाम बोललीस."

"बरं, मुद्दाम बोलले."

"टीव्हीवर जाडी दिसत होतीस."

"माहितीय मला. चहा घेणार की दारातच भांडणार?"

मला चहा मिळाला नाही. टोपली घेऊन एकटाच परत आलो. दुसऱ्या दिवसापासून क्लबात दोन काकू येऊ लागल्या. एक पीळ सोडायची, दुसरी कातरायची, आणि दोघींची तोंडं अखंड चालू. कुसुमोतो-सान मला हळूच म्हणाले, "नाकाई, त्या बोलत नव्हत्या तेव्हा गावात किती शांतता होती, नाही?" पण त्यांच्या बायकोला आता दोन घरचं लोणचं मिळत होतं, त्यामुळे तक्रार तेवढ्यावरच थांबली.

प्रदर्शनाला दोन दिवस उरले असताना घोटाळा झाला. आम्ही जेवायला गेलो होतो आणि खिडकी उघडी राहिली. परत आलो तर गल्लीतला पिवळा बोका डोंगरावर आडवा पडलेला. नदीकाठचा सगळा उतार त्यानं उपटून काढला होता आणि एक देवदार पुढच्या पंजांत धरून मोठ्या भक्तिभावानं चाटत होता. शिंताकूंच्या घासण्या! सोड्यात दोनदा उकळूनही बांगड्याचा वास काही सुटला नव्हता. आम्हाला आला नाही, त्याला आला.

बोक्याला हाकललं. उताराची दशा बघून कुसुमोतो-सान मटकन खालीच बसले. नवी झाडं करायला जुन्या घासण्या कुठं होत्या? किनुएकाकू मात्र कंबरेवर हात ठेवून उताराकडे बघत राहिल्या. मग हिसानोकाकूंना म्हणाल्या, "त्या दिवशी मी वर बघितलं ना, तिकडं एक अख्खी बाजू तोडलेली होती. नुसते बुंधे. आणि खाली ओंडक्यांची चवड."

"मग तोडलीच समज," हिसानोकाकू म्हणाल्या. "डोंगरात झाडं तोडतातच की. तुम्ही सगळे असे सुतकात काय बसलात? दात कोरायच्या काड्या आणा!"

दोघींनी काड्यांचे ओंडके केले, रचले, आखूड तुकडे बुंधे म्हणून उतारावर रोवले, त्यांवर भुसा टाकला. मी चिमुकल्या मालगाडीचे दोन डबे तिथं आणून उभे केले. खरं सांगायचं तर आमच्या सगळ्या देखाव्यात तो उतारच सगळ्यांत खरा वाटत होता.

प्रदर्शनाच्या दिवशी नागरी सभागृहात गर्दी लोटली. एरवी आमच्या गाड्या बघायला चार नातवंडं आणि त्यांना धरून आलेले आजोबा यायचे. या वेळी गावातल्या यच्चयावत बायका आल्या, आणि एकीनंही गाडीकडे पाहिलं नाही. सगळ्या डोंगराशी वाकून आपापली घासणी शोधत होत्या.

"ती बघ, ती माझी! कढईच्या कडेनं झिजली होती, तशीच वाकडी आहे."

"तुझी कुठली? तुझ्या घरात भांडी घासतं कोण? ती माझी."

शिंताकू आले, नदीकाठ न्याहाळून बराच वेळ उभे राहिले. "माझी झाडं कुठायत हो?"

"तोडली," किनुएकाकू म्हणाल्या.

"कुणी?"

"तुमच्याच एका गिऱ्हाइकानं."

ओसाकाहून दुसऱ्या एका क्लबाचे गृहस्थ आले होते. सूटबूट घातलेले. त्यांनी देवदार भिंगातून पाहिले आणि किनुएकाकूंना अदबीनं विचारलं की अशी झाडं आमच्यासाठीही कराल का, लागेल तो खर्च देऊ.

"करेन की," काकू म्हणाल्या. "इथनं नव्या घासण्या घेऊन जा. दोन वर्षं घरी भांडी घासा. मग घेऊन या."

गृहस्थ हसले. काकू हसल्या नाहीत. मग त्यांनी खरंच डझनभर घासण्या विकत नेल्या. घरी त्या कुणी वापरल्या ते देव जाणे.

संध्याकाळी गर्दी ओसरली तेव्हा काकू एकट्याच देखाव्यापाशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. मी गाडी एकदा त्यांच्यासाठी म्हणून सोडली. ती पुलावरून गेली, स्टेशनात थांबली, देवदारांमध्ये शिरली. काकू डोळ्यांनी तिच्यामागं वरपर्यंत गेल्या.

"शेवटच्या स्टेशनापर्यंत मी कधी गेलेच नव्हते," त्या म्हणाल्या. "दोन स्टेशनं, माल पोचवायचा, परत. वर काय होतं रे तिकडं?"

"काही नाही हो, काकू. देवदारच."

"पुन्हा सोड," त्या म्हणाल्या. मी पुन्हा सोडली.

हे सगळं होऊन आता चार वर्षं झाली. किनुएकाकू अजून क्लबात येतात, हिसानोकाकूही. सध्या समुद्राकडच्या टेकड्या करायच्या चालल्यात, म्हणजे संत्र्यांच्या बागा. संत्र्याचं झाड गोल, बुटकं, दाट. त्याला घासणी चालत नाही. किनुएकाकू म्हणतात शेवाळ वाळवून गोळे करू, हिसानोकाकू म्हणतात वाळलेल्या घोसाळ्याची जाळी बरी, आणि त्यावरून महिनाभर रोज जुंपते. काल मी मध्ये पडलो, म्हणालो दोन्ही करून बघा. तर दोघी एका सुरात म्हणाल्या, "तू तुझा करंट बघ!"

आज सकाळी अंघोळीला गेलो तर पाठ घासायची माझी घोसाळ्याची जाळी जागेवर नव्हती. बायकोला विचारलं. ती म्हणाली, हिसानोकाकू आल्या होत्या, बदल्यात मुळ्याचं लोणचं ठेवून गेल्यात.